आवाज सांगा, मॉडेलचं नाव नको

साधारण जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला नॅम हे वाद्य-उद्योगाचं मोठं प्रदर्शन भरतं, मे महिन्याच्या आसपास बर्लिनला सुपरबूथ भरतं, आणि त्या आठवड्यांत पुण्यातले कीबोर्डवाले रात्री उशिरापर्यंत फोनला डोळे लावून बसलेले असतात. कोथरूडपासून वाकडपर्यंत टू बीएचकेच्या एका खोलीत स्टुडिओ थाटलेली कितीतरी मुलं या शहरात आहेत. दिवसा हिंजवडीत नोकरी, रात्री सिंथेसायझर, म्हणजे सिंथ, आणि त्यातले आवाज तयार करणारे ऑसिलेटर, तो गाळणारे फिल्टर. नव्या सिंथचा डेमो बघता बघता मागच्याच वर्षी हप्त्यांवर घेतलेला सिंथ त्यांना जुनाट वाटू लागतो. त्यात काहीही बिघडलेलं नसतं.

मी कीबोर्ड वाजवतो आणि शिकवतो, त्यामुळे "सर, आता कुठला घेऊ?" हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. त्याला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. घरातलं उत्तर असं: आहे ना एक, तो तरी रोज वाजतोय का? अंथरूण पाहून पाय पसरावेत. दुकानातलं उत्तर असं: हौसेला मोल नसतं, शिवाय नो कॉस्ट ईएमआय आहे. मला दोन्ही अपुरी वाटतात. एक माणसाला आवर घालायला सांगतं, दुसरं त्याला मोकळं सोडतं, पण वाद्याबद्दल कुणीच बोलत नाही. माझं म्हणणं असं आहे की वाद्याबद्दलचं समाधान ओळखीतून येतं. आपलं वाद्य आतून-बाहेरून माहीत असेल आणि ते बिघडलं तर नीट होणार अशी खात्री असेल, तर समाधान मानावं लागत नाही, ते असतंच. आणि ही ओळख व्हावी, ही खात्री मिळावी यासाठी जी सोय लागते ती एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नाही. ती शहराने करायची असते.

ओळख म्हणजे काय, ते यामाहाच्या डीएक्स-७ वरून सांगतो. हा सिंथ १९८३ साली आला. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना सापडलेलं एफएम सिंथेसिसचं तंत्र, म्हणजे एका लहरीने दुसरीला हलवून नवा आवाज घडवायची रीत, यामाहाने परवाना घेऊन त्यात उतरवलं. सहा ऑपरेटर, म्हणजे लहर तयार करणारे घटक, ते एकमेकांना जोडायच्या ३२ रीती, एका वेळी १६ स्वर. एवढी मोठी ताकद, पण पॅनलवर आवाज घडवायला एकही नॉब नाही. चपटी बटणं, आकडा बदलायला एक स्लायडर आणि दोन ओळींचा छोटासा डिस्प्ले. त्यात बसून आवाज घडवायचा म्हणजे किल्लीच्या भोकातून खोली झाडायची. साहजिकच बहुतेकांनी कंपनीने भरून दिलेले टोन तसेच वाजवले. ऐंशीच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत तोच एक किणकिणता इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो तो त्यामुळेच. मग लोकांना त्या आवाजाचा कंटाळा आला. १९८७ मध्ये रोलंडचा डी-५०, १९८८ मध्ये कॉर्गचा एम-१ आला आणि सगळे तिकडे धावले. पण कंटाळा आला होता तो मोजक्या टोनांचा. वाद्य बहुतेकांनी उघडून पाहिलंच नव्हतं. चाळीस वर्षं उलटली तरी त्या सहा ऑपरेटरांतून न ऐकलेले आवाज काढणारी माणसं आजही आहेत, आणि डेक्स्ड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमुळे ते तंत्र कुणालाही लॅपटॉपवर शिकता येतं.

जुनं झालं म्हणजे निकामी झालं, हे तर सिंथच्या बाबतीत फारच कमी वेळा खरं असतं. त्याच १९८३ साली सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने मिडी हे वाद्यांनी एकमेकांना संदेश द्यायचं मानक ठरलं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं पाच पिनांच्या एका केबलने एकमेकांशी बोलू लागली. दोघांनी त्यावर मालकी सांगितली नाही, आणि २०१३ मध्ये त्यांना त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. तेव्हाचं वाद्य साध्या इंटरफेसने आजच्या लॅपटॉपला जोडलं की अजूनही वाजतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या संगणकाबद्दल असं म्हणता येणार नाही. वाद्य जुनं झाल्याची भावना, निदान या बाबतीत, बाहेरून आणून बसवलेली आहे.

अलीकडे एका विद्यार्थ्याने चार व्हॉइसचा, म्हणजे एका वेळी चार स्वर वाजवणारा, ॲनालॉग सिंथ विकायला काढला होता. तक्रार अशी की त्यातून आपला आवाज निघत नाही, सारंगीसारखं काही वाजत नाही. आम्ही तोच सिंथ घेऊन बसलो. एकच ऑसिलेटर ठेवला, सॉ वेव्ह, म्हणजे करवतीच्या दातांसारखी लहर. व्हॉइस मोड मोनो केला, म्हणजे एका वेळी एकच स्वर. पोर्टामेंटो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, लावला, पण एक की दाबून ठेवून दुसरी दाबली तरच लागेल असा. लो-पास फिल्टरचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचा तीक्ष्णपणा कापला जातो ती सीमा, खाली आणला आणि रेझोनन्स, म्हणजे त्या सीमेजवळचा उठाव, अगदी किंचित वाढवला, तसा सूर नाकात आला. ॲटॅक, म्हणजे आवाज भरून यायला लागणारा वेळ, थोडा सैल केला, गज तारेला टेकायला लागतो तेवढाच. एलएफओ, म्हणजे संथ हेलकावा देणारी लहर, पिचला जोडला, मात्र मॉड व्हील हे बाजूचं चाक वर केल्याशिवाय आंदोलन ऐकू येऊ नये असा. शेवटी पिच बेंडची रेंज, म्हणजे चाकाने स्वर किती वर-खाली सरकतो ते, पाहिलं. बहुतेक सिंथमध्ये ती दोन सेमीटोनवर ठेवलेली असते, म्हणजे सा वरून जेमतेम रे पर्यंत. ती बारावर नेली की मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंतची मींड डाव्या हाताच्या अंगठ्यात येते. पण मग अंगठ्याला रियाज लागतो. व्हील केसभर पुढे गेलं की बागेश्रीचा कोमल गंधार बिघडतो. सारंगी काही हुबेहूब निघाली नाही. निघाला तो त्या सिंथचा स्वतःचा आवाज, सारंगीच्या वळणाने जाणारा. यातलं एकही बटण त्या मुलाने कधी हलवलं नव्हतं, असं नाही. सगळी हलवली होती, पण प्रत्येक बटण काय करतं हे कानाला विचारलं नव्हतं.

पेटीवाल्यांनी तर याहून कठीण काम केलं. पेटीवर मींड निघत नाही, तिचे सूर ठोकळेबाज आहेत, अशा कारणांनी ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप खोटा नव्हता. पेटीला खरोखरच पिच बेंड नाही, आणि ती बदलून दुसरी आणली तरी तिलाही नसणार. त्याच पेटीवर अप्पा जळगावकरांनी साथीला काय उंची दिली हे पुणेकरांना सांगायला नको. भात्याचा दाब, स्वराला दिलेला हलका कण, गायक थांबतो तिथे थांबायची समज, असं सगळं त्या एका मर्यादेच्या आत घडलं.

आता माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारं सगळ्यांत वजनदार उदाहरण मीच देतो. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. १९८२ साली एचएमव्हीने त्यांची दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवलेली रेकॉर्ड काढली. वाद्यं तीन, तिन्ही रोलंडची: ज्युपिटर-८ हा सिंथ, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ हे बासचं यंत्र. त्या काळी ही तिन्ही यंत्रं नवीकोरी होती. जवळ होतं त्यावर सिंग यांनी समाधान मानलं असतं तर ती रेकॉर्ड झालीच नसती. इथे तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर चर्चा झाली, कारण शिकागोमध्ये काही वर्षांनी जे ॲसिड हाउस हे नृत्यसंगीत जन्माला आलं त्याच्या फार जवळचं काहीतरी त्यांनी आधीच वाजवून ठेवलं होतं. म्हणजे नव्या वाद्याची ओढ हा दोष आहे असं मला म्हणता येत नाही, आणि म्हणायचंही नाही.

पण त्याच टीबी-३०३ ची पुढची गोष्टही पाहावी. एकट्या गिटारवाल्याला साथीला बास मिळावा म्हणून रोलंडने ते बनवलं होतं. ते चाललं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. मग शिकागोतल्या पोरांना ते सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळालं. त्यांनी नोट वाजत असताना कटऑफ आणि रेझोनन्सचे नॉब फिरवत ठेवले, आणि त्यातून एक अख्खी संगीतशैली निघाली. मुंबईत तेच यंत्र नवं होतं, शिकागोत टाकून दिलेलं होतं. दोन्हीकडे वाजवणारा त्याच्यापाशी बसून राहिला. सिंग यांच्याकडे रागांची आयुष्यभराची बैठक होती, त्या पोरांकडे नाचणाऱ्या माणसांची नाडी होती. यंत्र नवं की जुनं, याने काहीही ठरलं नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच विचारतो: तुला कुठला आवाज हवाय, आणि तो तुझ्या वाद्यावर का निघत नाही, हे मॉडेलचं नाव न घेता सांग. सांगता आलं तर जरूर घे. सांगता आलं नाही तर थांब.

ही कसोटी खरेदीच्या विरोधात नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. माझ्याकडच्या एका मुलीला डाव्या हाताने सा-प धरून ठेवायचा होता आणि उजव्या हाताने मींड घ्यायची होती. बेंड व्हील फिरवलं की सा-पसुद्धा घसरत. तिने स्प्लिट लावला, म्हणजे कीबोर्डचे दोन भाग केले, खालच्या भागाचं बेंड बंद केलं, काम भागलं. नवं वाद्य लागलं नाही. मग तिला पुढचं सुचलं: उजव्या हातात दोन स्वर, त्यातला एक स्थिर आणि दुसरा त्याच्या भोवती आंदोलत राहिलेला. हे तिच्या कीबोर्डवर कुठल्याही सेटिंगने होत नाही. साध्या मिडीत एका चॅनलचं पिच बेंड त्या चॅनलवरच्या सगळ्या स्वरांना एकत्रच लागू होतं. प्रत्येक स्वर वेगळ्या चॅनलवर पाठवणारं एमपीई हे मानक २०१८ मध्ये मान्य झालं, आणि ते पाळणारा कीबोर्ड असेल तर प्रत्येक बोट स्वतःची मींड घेऊ शकतं. तिला भिंत कुठे आहे ते नेमकं माहीत होतं, म्हणून मी तिला बिनदिक्कत घे म्हटलं. आपल्या संगीताला एमपीईची गरज तर युरोपच्या संगीताहून जास्त आहे असं मला वाटतं, आणि यावर आपल्याकडे फारच थोडं काम झालंय.

ऑर्केस्ट्रावाल्यांची गोष्ट निराळी, आणि त्यांना समाधानाचे धडे देणं मला अन्यायाचं वाटतं. गणपती ते नवरात्र आणि पुढे लग्नसराई, यात वर्षाची कमाई करायची असते. नवं गाणं गाजलं की पुढच्या कार्यक्रमात त्याची फर्माईश येते आणि तो टोन, तो ठेका हवाच. शिवाय आयोजक विचारतात, कीबोर्ड कुठला आहे? ऑक्टापॅड कुठला? वाद्याच्या नावावर माणसाचं मानधन ठरतं. तरीही या मंडळींकडूनच हौशी लोकांनी शिकावं असं बरंच आहे. एसपीडी-२० हे ऑक्टापॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, १९९८ सालचं. ते महाराष्ट्रातल्या स्टेजवर वर्षानुवर्षं वाजत राहिलं, कारण वादकांनी त्यात ढोलकी, संबळ, दिमडीच्या जवळ जाणारे पॅच, म्हणजे टोन, बसवले, एकमेकांकडून घेतले, विकले, सुधारले. वाद्य तेच ठेवून आवाज ताजे ठेवायची ही रीत आहे. संग्राहकांशी माझं भांडण नाही. पण वाद्य पेटीत घालून वर्षानुवर्षं ठेवू नये, सिंथ न वाजवल्याने जितका खराब होतो तितका वाजवून होत नाही.

आता दुरुस्तीकडे येतो, कारण नव्या सिंथच्या मागणीतला मोठा भाग खरं तर इथून येतो, हावरटपणातून नव्हे. कीबोर्डची एक की अचानक कानठळ्या बसेल एवढी मोठी वाजू लागते. वाजवणाऱ्याला वाटतं, गेला. प्रत्यक्षात वेगाला प्रतिसाद देणाऱ्या कीखाली रबराच्या पट्टीवर दोन कार्बनचे ठिपके असतात. पहिला टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंतचा वेळ मोजून की किती जोरात दाबली हे वाद्य ठरवतं. पहिल्या ठिपक्यावर धूळ किंवा ओल बसली की तो उशिरा लागतो, वेळ कमी भरते, आणि वाद्याला वाटतं तुम्ही जीव खाऊन मारलंत. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसात हे व्हायचंच. स्क्रू काढा, पट्टी उचला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बसवा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हे काम हसत करणारे कारागीर मी पाहिले आहेत. टेबलावर एका डबीत स्क्रू, दुसरीत स्प्रिंगा, आणि कुठला स्क्रू कुठल्या भोकातला हे कळावं म्हणून पुठ्ठ्यावर काढलेली आकृती. पण अशी माणसं थोडी आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी त्याहून थोडी.

काही दुरुस्त्या अवघडही असतात. १९८४ च्या रोलंडच्या जुनो-१०६ या सिंथमधल्या सहा व्हॉइसच्या चिपांवर राळेचा लेप आहे, तो कालांतराने बाधतो आणि एकेक व्हॉइस गप्प होतो. लेप उतरवून चिप वाचवता येते, पण हात स्थिर लागतो आणि माहिती लागते. डीएक्स-७ ची मेमरी टिकवणारी बॅटरी तर साधी सीआर-२०३२, फक्त ती बोर्डावर डाग देऊन बसवलेली. ती संपली की स्वतः घडवलेले टोन पुसले जातात. ती बदलायला सोल्डरिंग येणारा माणूस पुरेसा आहे, तोही मिळाला नाही तर चांगलं वाद्य माळ्यावर जातं. मला स्वतःला एका सर्व्हिस सेंटरने साध्या स्लायडरसाठी "पार्ट बंद झालाय, नवं मॉडेल बघा" असं सांगितलं होतं. तोच स्लायडर तपकीर गल्लीत मिळाला. सर्किट डायग्राम मागितली तर देता येत नाही म्हणाले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची यंत्रं, मोबाइल व टॅब, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं असे चार गट धरले. वाद्यांचा स्वतंत्र गट नाही. ज्या देशात ऑर्केस्ट्रा, कीर्तन, बँड, चित्रपट या सगळ्यांत इलेक्ट्रॉनिक वाद्यावर पोट भरणारे इतके लोक आहेत तिथे तो असायला हवा. आकृत्या आणि सुटे भाग मिळण्याचा हक्क नसेल तर समाधानी राहा असं कुणाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

या शहराला हे जमत नाही असंही नाही. संगीत नाटकाबरोबर परदेशातून आलेली पायपेटी, म्हणजे ऑर्गन, कितीतरी काळ इथे वाजत राहिली आणि भरत नाट्य मंदिरात आजही संगीत नाटकाच्या पदांना ऑर्गनची साथ ऐकायला मिळते. ज्या पिढ्यांनी ही वाद्यं आणली त्या गेल्या, पण सूर लावणारे, भाते शिवणारे हात शहरात राहिले म्हणून वाद्यं राहिली. कॉन्टॅक्ट पट्टी आणि कपॅसिटर यांच्यासाठी तसे हात तयार करणं हे आपलं काम आहे. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना वाद्यदुरुस्तीचा एखादा विषय दिला तर त्यांना रोजगारही मिळेल.

दुसरी गोष्ट वाटून घेण्याची. १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोग सिंथेसायझर बसवून दिला. यंत्र एक, त्यावर आळीपाळीने काम करणारे बरेच, संगीतकार गीता साराभाई त्यांतल्या एक. त्या ध्वनिफितींवर आजही जगात लिहिलं जातं. तिथल्या कुणाच्याही घरी स्वतःचा सिंथ नव्हता. आणि पुण्याला हे नवं का वाटावं? १८४८ साली सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर याच शहरात, लक्ष्मी रस्त्यावर, तपकीर गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. प्रत्येकाने प्रत्येक पुस्तक विकत घ्यावं असं आपण कधीच मानलं नाही. मग पाच-सहा अंकी किमतीच्या वाद्याबाबत का मानायचं? फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आधी कॉलेजांत वाद्यांची जमवाजमव चालते, स्पर्धा संपली की बहुतेक वाद्यं पुढच्या वर्षीपर्यंत कपाटात. पाच-सहा कॉलेजांनी ठरवलं तर त्याच कपाटांतून एक सिंथ-संग्रह उभा राहू शकतो. एक एफएम, एक साधा मोनो ॲनालॉग, एक एमपीई कीबोर्ड आणि एक सॅम्पलर, म्हणजे मुद्रित आवाज वाजवणारं यंत्र, एवढ्याने सुरुवात होते. महिनाभरासाठी अनामत ठेवून वाद्य घरी न्यायचं, परत देताना त्यावर घडवलेले आपले टोन पुढच्याला ठेवून जायचं, आणि महिन्यातून एकदा कारागिराला बोलावून झाकण उघडायचं. विकत घेण्याआधी एखादा सिंथ महिनाभर हाताळायला मिळाला तर काहींची ओढ तिथेच शमेल. काहींची पक्की होईल आणि ते डोळसपणे विकत घेतील, तेही मला तितकंच चालेल. जागा आणि देखभालीचा खर्च कॉलेजांनी मिळून उचलावा, आणि अनामत एखाद्या डिलिव्हरी करून शिकणाऱ्या मुलालाही भरता येईल एवढीच ठेवावी.